सावलीचा दावा आणि विहिरीचा गाळ

ता. २ मार्च १९३५
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचावी अशी लेशमात्र इच्छा नाही. तथापि अक्षर सुवाच्य ठेवीत आहे.

आमच्या आळीची सार्वजनिक विहीर गाळाने भरली आहे. पोहरा सोडला की पाण्याऐवजी चिखलाचा आवाज येतो. आळीतील बाया म्युनिसिपल कमिटीच्या ऑफिसात गेल्या. सेक्रेटरी इंद्रभान याने सांगितले की गाळ काढण्यास पैसा नाही, सर्व पैसा वकिलाकडे गेला.

वकील कशासाठी? तर आठवडी बाजारातील कडुनिंबाच्या सावलीसाठी. बाजाराचा ठेकेदार सावलीत बसणाऱ्या माळणींकडून बैठकीचे ज्यादा पैसे घेई. कमिटीचे म्हणणे, ठेका जमिनीचा दिला, सावलीचा नव्हे, सावली कमिटीची. कोर्टात दावा लागला. वादग्रस्त मालमत्ता सूर्य रोज इकडून तिकडे सरकवीत असल्याने मोजणी काही होईना. अशा बृहस्पतींच्या हाती आमचे नगर आहे!

निश्चय: या दाव्यापायी लोकांचे किती द्रव्य वकिलाच्या घशात गेले, हे कमिटीकडून लेखी वदवून घेणे. आकडा प्रकट होताच कमिटी लज्जित होईल व गाळ निघेल. गुढीपाडव्याच्या आत. तसे आळीला वचन दिले.

शेजारीण अंबूबाई म्हणाली, "थे खर्चाचं तुमी इचारा बाप्पा, पन गाळ काढाले मानसं कवा येतीन?" कार्यकारणभाव हा विषय सर्वांनाच झेपतो असे नाही.

ता. ५ मार्च
अर्ज सिद्ध. राज्यसंस्थेची उत्पत्ती, करदात्याचे अधिकार व लोकद्रव्याचे विश्वस्तत्व ही तिन्ही पहिल्याच वाक्यात साधली. वाक्य दुसऱ्या पानावर संपते. सौ. सत्यभामेस वाचून दाखविला. तिची तूर निवडून संपली, अर्ज चालूच होता. तिने विचारले, "याच्यात विहीर कुठं हाये?" विहीर परिशिष्टात आहे.

ता. ८ मार्च, दुपार
ऑफिसात गेलो. इंद्रभानाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, काय पाहिजे ते तोंडाने सांगा. सांगितले. तर म्हणतो, "एवढंच? मंग अर्ज कायले लिहिला? थ्या कपाटात हायेत हिशेब. मी चहा पिऊन राह्यलो, तवर पाहून घ्या."

मी काय मांजर आहे, की कोणाचे लक्ष नसताना फडताळात तोंड घालावे? माहिती ही सही-शिक्क्यानिशी, नम्रपणे, करदात्याच्या दाराशी चालत आली पाहिजे. तसे त्यास बजावले. "जशी तुमची मर्जी," म्हणाला, आणि कपाटास कुलूप लावून चहा प्यायला गेला. मला विचारलेही नाही.

तत्त्वाचा विजय. घरी येऊन ताक प्यालो.

ता. १५ मार्च
कमिटीचे उत्तर आले. विषय कायद्याचा असल्याने अर्ज लीगल ओपिनियनसाठी वकील मोतीरामजी यांजकडे रवाना. शत्रुपक्ष भयभीत झाल्याचे हे स्पष्ट चिन्ह. निर्भय मनुष्य वकिलाकडे धाव घेत नाही. लगेच रिमाइंडर धाडला. पहिल्या अर्जातील काही पदे त्यांस दुर्बोध वाटली असावीत, या दयाबुद्धीने प्रत्येक पदाचे स्पष्टीकरण जोडले. स्पष्टीकरण अर्जाहून किंचित मोठे झाले.

ता. २३ मार्च
होळी झाली. ऊन चढले. आज अनर्थ थोडक्यात टळला.

आळीतील तरुण मंडळी दोर व टोपल्या घेऊन विहिरीवर जमली होती, स्वतःच गाळ काढण्यास! कडूबा तर धोतर खोचून आत उतरण्याच्या बेतात. मी धावत जाऊन अडविले. त्यांस समजाविले की, बाबांनो, गाळ हा पुरावा आहे. तो काढलात तर कमिटी म्हणेल, विहीर स्वच्छच होती. मग जाब कशाचा विचारायचा? शिवाय कमिटीचे कर्तव्य आपण केले की ते कर्तव्य कायमचे आपल्या गळ्यात.

कडूबा म्हणाला, "काका, पुरावा प्याले चालते काय?" लोक फिदीफिदी हसले. परंतु दोर गुंडाळले गेले. वामनरावाचा, म्हणजे माझा, कागद वरपर्यंत गेला आहे, तो काही तरी आणील, असे चार जण म्हणाले. जाताना कडूबाने विचारलेच, "काका, तुमच्या भरवशावर थांबून राह्यलो बरं. पक्कं ना?" पक्के, म्हणालो.

ता. ४ एप्रिल. पाडवा
उत्तर नाही. प्रकरण विचाराधीन आहे असे तोंडी कळले. ते विचाराधीन का आहे, अशी पृच्छा करणारा नवा अर्ज दिला.

वचनाविषयी: दिवाळीतही एक पाडवा असतो, हे लोक विसरतात. सौ.ला ही गोष्ट सांगितली. तिने माझ्या पानात कडुनिंबाची चटणी पुन्हा वाढली.

बाया आता नदीच्या पात्रात झिरे उकरून पाणी आणतात. अंबूबाई भरल्या घागरीसह घसरली, पाय मुरगळला. हेही कमिटीच्या पापांत जमा. अर्जास पुरवणी म्हणून जोडले.

ता. १४ एप्रिल
सौ. मोतीराम वकिलांकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास गेली होती. वैऱ्याच्या घरचे पन्हे! परत आली ती गंभीर चेहऱ्याने. वकिलीणबाई कौशल्याबाईंनी सर्व बायांदेखत तिला सांगितले म्हणे की सावलीचे भांडण कधीच मिटले; ठेकेदार व कमिटीचे प्रेसिडेंट एकमेकांचे व्याही झाले, दावा काढून घेतला, वकिलाला नारळ मिळाला. "पन यंदा देवीच्या कृपेनं घरबसल्या काम येऊन राह्यलं." असे म्हणून सौ.ची ओटी ओंजळभर हरभऱ्यांनी भरली आणि पुन्हा यायचा आग्रह केला.

सौ.चे म्हणणे, "हे घरबसल्याचं काम कोनतं, थे जरा इचार करून पाहा. अन् आता अर्ज बस करा."

मी तिला शांतपणे समजाविले की ऐकीव गोष्ट कोर्टात उभी राहत नाही. हळदीकुंकवातील पुरावा तर नाहीच नाही. सही कोठे आहे? शिक्का कोठे आहे? ती म्हणाली, "शिक्का तुमच्या कपाळावर हाये." संताप अनावर झाल्याने हरभरे खाल्ले नाहीत. रात्री उसळ झाली. ती खाल्ली.

ता. २२ एप्रिल
अपील! मोटारीने बुलढाण्यास जाऊन वरिष्ठांकडे दाखल केले. मोटारीत कोंबड्यांच्या खुराड्यास मजपेक्षा बरी जागा होती. अपिलात लोकद्रव्याच्या गुप्ततेवर असा घणाघात केला आहे की वाचताना माझेच नेत्र पाणावले. तेवढेच पाणी आज आळीत उपलब्ध आहे, असे परत आल्यावर विनोदाने म्हणालो. कोणी हसले नाही. कडूबा घागरींची कावड घेऊन नदीकडे चालला होता. त्याने नमस्कारही केला नाही. अज्ञानी जनांसाठी झिजणाऱ्यांचे हेच होते.

ता. ८ मे
विजय! हुकूम आला. कमिटीने चालू वर्षाचा संपूर्ण कोर्ट-वकील खर्च बाबवार जाहीर करावा. ऑफिसच्या फळ्यावर लावावा व बाजाराच्या दिवशी दवंडी पिटवून लोकांस कळवावा. आमच्या मुलखात असे प्रथमच घडत असावे. कमिटीने आपल्याच तोंडाने आपली लक्तरे चव्हाट्यावर टांगायची!

घरोघर जाऊन निमंत्रण दिले. अंबूबाई लंगडत दारात आली, "म्हंजे गाळ निंगते ना आता?" म्हणालो, बाजारी या आणि कानांनी ऐका. एक झेंडूचा हार आणून ठेवला आहे. ऐन वेळी एखाद्या कृतज्ञ नागरिकास हवा असल्यास धावपळ नको.

ता. ११ मे. बाजार
दवंडी झाली.

दवंडीवाला निवृत्ती याचा आवाज नदीपलीकडे जातो, हे आज अनावश्यक रीतीने सिद्ध झाले. बाजार तुडुंब. आळी सगळी पुढे उभी. मी त्यांच्याही पुढे, उपरणे सावरून.

सावलीचा दावा: खर्च निरंक.

मला वाटले, चोरांनी दडविला. पण डफडे पुन्हा वाजले. वामनराव यांचा अर्ज वाचून पाहण्याबद्दल वकिलास फी. सदर अर्जात काय म्हटले आहे हे कमिटीस मराठीत सांगण्याबद्दल फी. स्पष्टीकरणाबद्दल फी, पाने जास्त असल्यामुळे ज्यादा. विचाराधीन का, या अर्जावर विचार करण्याबद्दल फी. मुरगळलेल्या पायाची जबाबदारी कोणाची, या मुद्द्यावर ओपिनियन. अपिलास जबाब, बुलढाण्याचे मोटारभाडे, वकिलांचे फराळपाणी. प्रत्येक बाबीस माझे नाव आणि प्रत्येक नावास डफड्यावर टिपरी. शेवटी: सबब सदर रक्कम विहीर-दुरुस्तीच्या तरतुदीतून वळती केली असून यंदा त्या कामी शिल्लक नाही. हो!

तरतूद होती म्हणजे! गर्दीतच इंद्रभानास गाठले. विचारले की मार्चमध्ये तूच आमच्या बायांस सांगितलेस ना, पैसा सारा वकिलाकडे गेला म्हणून?

तो पान चघळीत म्हणाला, "थ्या वक्ती उगाच सांगतलं होतं हो. उन्हाच्या वक्ती बाया आल्या, टाळाटाळ केली, दुसऱ्या खेपेले आल्या असत्या त काढून देल्ला असता गाळ. तुमी त माहं बोलनं खरंच करून दाखवलं!"

मागे वळलो. आळी घराकडे निघाली होती. अंबूबाई तेवढी थांबली होती, कारण तिला भरभर चालता येत नाही. मग तीही लंगडत निघाली. मीही.

लोकांचा माहितीचा अधिकार सिद्ध झाला, ही गोष्ट मात्र कोणासही नाकारता येणार नाही. हार गाईने खाल्ला.

ता. १३ मे
पहाटेपासून आळी विहिरीवर. कडूबा आणि आणखी दोघे आत, बाकीचे दोरावर. बाया टोपल्या वाहत आहेत. कोणालाही लेखी कळविले नाही. मी धोतर खोचून गेलो, म्हणालो, मलाही काम द्या. अंबूबाई काठावर बसून खडे निवडून बाजूला टाकत होती. तिने पदराने तोंड पुसले, म्हणाली, "तुमी तिकडं बसा वामनराव. फक्त कायी लिहू नका."

बसलो.

दुपार कलता पाणी लागले. गढूळ, पण पाणी. आतून कडूबाने आरोळी दिली, वरून सगळ्यांनी दिली. मीही तोंड उघडले होते, पण तोवर आरोळी संपली होती.

सौ. घागर घेऊन आली. मला वाटले, माझ्यासाठी पाणी आणते आहे. तिने रिकामी घागर माझ्या हाती दिली आणि रांगेचा शेवट दाखविला.

उभा राहिलो.