बाचा हिवताप

बा, मला भीती वाटते आहे म्हणून तुला लिहितो आहे. एरवी लिहिलं नसतं. तू होतास तेव्हाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. धर्माबादच्या घरी पत्र आलं की कुणीतरी गेलं असंच तुला वाटायचं, म्हणून लातूरला नोकरी लागली तेव्हासुद्धा शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप ठेवला होता. आता तुलाच जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा तुला दचकवायची काळजी नाही.

आयटीआयमध्ये मी अजूनही पोरांना लेथ शिकवतो. मागच्या वर्षी लेथचा चक एकट्यानं उचलायला गेलो आणि कंबरेत काहीतरी सरकलं. तू मोंढ्यात मिरचीची पोती पाठीवरून वाहिलीस, आणि मला एका लोखंडी चकानं आडवं केलं. नांदेडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुखण्यावर जोरदार गोळी लिहून दिली, थोड्या दिवसांसाठी. थोडे दिवस संपले, गोळी चालूच राहिली. मेडिकलवाला ओळखीचा. जुनीच चिठ्ठी दाखवायचो, तो ती न बघता पाकीट पुढे सरकवायचा. एकाची दोन झाली, दोनाची किती झाली ते मी मोजणं सोडून दिलं. तू विचारशील, नशा चढायची का? नाही. तोंडाला वास नाही, पाय लटपटत नाहीत, विहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणायला मी सगळ्यांच्या पुढे उभा. ते औषध होतं. डॉक्टरनं दिलेली गोळी कुणी पाचव्या शीलातल्या नशेत धरतं का?

मग किल्लारीला एक लग्न होतं. गडबडीत गोळ्या घरी राहिल्या. दुपारी पंगतीत बसलो तर जांभयांवर जांभया, नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी, उन्हाच्या काहिलीत अंगावर काटा. लोक म्हणाले, सरांना सर्दी झाली. परतीच्या जीपमध्ये माझे पाय आपोआप झटकत होते, बाजूला बसलेली बाई आक्रसून बसली होती. घरी आलो, चप्पलसुद्धा न काढता गोळी घेतली, आणि चहा होईपर्यंत मी एकदम ठणठणीत. कंबर त्या दिवशी दुखलीच नव्हती, बा. तिथेच मला पहिल्यांदा घाम फुटला.

पुढच्या पौर्णिमेला विहारात चार शीलं म्हटली आणि पाचव्याला माझी जीभ अडली. मागचे लोक म्हणत राहिले, मी नुसते ओठ हलवले. आणि तू आठवलास. शिंदीचा लोटा घेतल्याशिवाय तुझी संध्याकाळ होत नव्हती, आणि भंतेजींसमोर पाचवं शील घेतलंस त्या दिवसापासून तू थेंबाला शिवला नाहीस. आपल्या वस्तीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. तूच सांगायचास, छाती पुढे काढून, "मन घट्ट पायजे. एका दिसात सुटतंय. ज्याला सुटंना त्यो ढोंग करून राहिला." मी तुझा मुलगा. घरी आलो, होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या आणि वर पाणी ओतलं. बायकोला म्हणालो, आजपासून बंद. तिलाही बरं वाटलं. आपल्या माणसांत कुणीही हेच केलं असतं. शील मोडलं तर ते एका दमात पुन्हा धरायचं, त्याला हप्ते पाडून द्यायचे नसतात, हेच आम्ही तुझ्याकडून शिकलो.

त्यानंतरचं नीट सांगता येत नाही. पोटात पिळे पडतात, घोटभर पाणी टिकत नाही. अंग थंडगार आणि गादी घामानं ओली. हाडांच्या आत कुणीतरी खाजवतंय, आणि तिथवर हात पोचत नाही. पाय एका जागी ठेवले की रडू येतं. मी, एवढा बाप्या, भांड्याचा आवाज झाला तरी रडतो. या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे भीती. कशाची ते कळत नाही, पण ती छातीवर बसून असते आणि उठत नाही. वाटतं, मी मरणार. मग वाटतं, मरणार नाही, असंच राहणार, आणि ते जास्त भयंकर वाटतं. बायको डेंग्यूची तपासणी करू म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो. आणि सारखं एकच डोक्यात, की बाला जमलं, मला जमत नाही, म्हणजे मी ढोंग करून राहिलो.

आई आली धर्माबादहून. दारातूनच माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवून माझ्या पायांवर बसली. खरंच बसली, सगळं वजन टाकून. पायांचं झटकणं जरा थांबलं. मी विचारलं, हे तुला कसं सुचलं. ती म्हणाली, "तुझ्या बाचं बी असंच झालतं की. त्याच्या बी पायावर अशीच बसून व्हते."

मी म्हणालो, "कधी? बाला तर हिवताप आला होता."

"हिवताप कशाचा? शिंदी सुटल्याचा ताप व्हता त्यो. लेकरायला काय सांगावं, म्हणून हिवताप म्हणलं. शिंदीत कायबाय मिसळून इकायचे मेले. तुझा बा वाचतोय का जातोय, तेच कळंना मला."

आणि मग मला दिसायला लागलं, बा. भर दुपार, चुलीपलीकडे तू दोन गोधड्या घेऊन पडला आहेस, दात वाजताहेत. आई मला अंगणात घालवते आहे. तू आतून ओरडतो आहेस, भिंतीवरनं मुंग्या येऊन राहिल्या, झाडा, झाडा. मी दारातून बघतो, भिंतीवर एकही मुंगी नाही. आई नुसत्या हातानं कोरडी भिंत झाडते आहे. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं आणि मी ते हिवताप म्हणून ठेवून दिलं होतं. तू आम्हाला शीलाचा दिवस सांगितलास. त्यापुढचे दिवस का नाही सांगितलेस? मला तुझा राग आला, खूप आला. आणि त्याच वेळी तुला उचलून छातीशी धरावंसं वाटलं. तूसुद्धा एवढाच घाबरला होतास.

आईनंच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "एकदम बंद करा असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हणालो, "वडिलांनी."

"डॉक्टर आहेत का ते?"

"हमाल होते. आता नाहीत."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा मनाच्या कच्चेपणाचा प्रश्न नाही, शरीराला सवय लागली आहे आणि ती हळूहळू उतरवायची असते. थोडी गोळी परत सुरू केली, दर काही दिवसांनी कमी करायची. गोळ्या बायकोच्या ताब्यात. आणि एक गोष्ट त्यांनी बायकोसमोर दोनदा बजावली. आता पूर्वीइतक्या गोळ्या एकदम घेतल्या तर शरीराला त्या पेलणार नाहीत, झोपेत श्वास थांबेल.

कालपासून मात्रा आणखी उतरली आहे. जांभया परत सुरू झाल्यात, हे लिहिताना अक्षर वाकडं जातंय. विहारात मी हल्ली मागच्या रांगेत उभा राहतो आणि पाचवं शील म्हणतो, पोटात अर्धी गोळी असताना. ते चालतं की नाही, तुला विचारायचं होतं. तू काय म्हणाला असतास मला माहीत आहे, पण आईच्या हाताखाली ती भिंत बघितल्यापासून मी ते ऐकणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तेव्हा एवढं लिहून टाकतो. बायको गोळ्यांची जागा रोज बदलते, मला शोधता येऊ नये म्हणून. आजची जागा मला माहीत आहे. ज्वारीच्या डब्यात, पिठाच्या पिशवीखाली. सकाळी ती तिथे हात घालताना मी आरशात बघितलं, आणि तेव्हापासून मी या खुर्चीवरून उठलेलो नाही. आत्ता ती पलीकडे भाकरी थापते आहे, थापण्याचा आवाज इथवर येतोय. तिला एक हाक मारून सांगितलं की ती लगेच जागा बदलेल. एकच हाक, बा. मी अजून मारलेली नाही.