तिसऱ्या रांगेतलं सातवं घर

२ मे
आणि मायचं पुन्हा तेच. पत्र बहिणीच्या, मंगलच्या हातचं, पण बोल सगळे मायचे. "घर मिळालंय, पर ते आपलं न्हाई. मी शेडातच बरी हाय." तीन वर्षं पत्र्याच्या शेडात भाजून निघाली, आता पक्कं घर मिळालं तर नको. शंभरदा सांगितलं, घर ते घर. चार भिंती, वर स्लॅब, दाराला कडी. अजून काय लागतं?
म्हणते, "जुन्या जागेला तुझा बाप हाय."
बाबा तिथं न्हाईत. भूकंपाचं कळून मी कोल्हापूरहून पोचलो तो तिसरा दिवस. सरणं सामायिक होती. बाबा कोणत्यावर, ते कोणालाच सांगता आलं नाही. मायला हे कधी बोललो नाही. इथं पण लिहायचं नव्हतं.
महिनाअखेर शेडं काढणार आहेत. चिडून एकच ओळ पाठवली. घर ते घर.

५ मे
पंपाच्या झाकणाचे साठ साचे भरले. पाठ गेली.
लाकडाचा पॅटर्न कासमभाई करतात. नांदेडचे, तीन पिढ्यांचे सुतार. तो पॅटर्न आम्ही वाळूत दाबायचा, उचलायचा, जो खड्डा राहतो त्यात लोखंड ओतायचं. फाउंड्रीत चार वर्षं हेच करून राहिलो, अन् आज लक्षात आलं की पॅटर्न झाकणापेक्षा मोठा आहे. विचारलं तर सगळे हसले.
का.भा. म्हणाले, "चौथी पास आज जागा झाला! अरे, लोखंड निवताना आटतं. म्हणून मोठा करायचा. बरोब्बर पॅटर्नएवढं झाकण अजून पैदाच झालं नाही."
"मग पॅटर्न कोणत्या झाकणाचा?"
"सगळ्यांचा."
"पण एकाच्याबी मापाचा न्हाई?"
"हौ. डोकं नको खाऊ, वाळू चाळ."

९ मे
एसटीडीवरून लातूरला मंगलच्या घरमालकाकडं फोन लावला. माय हलली! शेजारणींनी भांडी उचलून नेली तशी मागं मागं गेली म्हणे. तिसरी रांग, सातवं घर. चार दिवसांची सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणाला, वास्तुशांती आहे का? म्हणलो, शांतीच पाहिजे.

११ मे, लातूर
मंगलच्या खोलीत पाच पोरी. सगळ्यांच्या उशाला त्याच नोट्स, भिंतीवर तेच टाइमटेबल. सगळ्यांना डॉक्टरच व्हायचंय. क्लासच्या बॅचमध्ये दीडशे जण. "दादा, आमच्यात सहा मंगल हायत. सर मला मंगल चार म्हणतात." अन् हसून राहिली. मला हसू आलं नाही.
पुस्तकात काळजाचं चित्र होतं, लाल निळं.
"हे कुणाचं?"
"कुणाचंच न्हाई. आकृती हाय."
"कुणाचं तरी असंल की."
"कुणाचं असलं तर परीक्षेला येत न्हाई, दादा."
बाकीच्या पोरी वहीत तोंड घालून हसल्या. बसस्टँडवर मायसाठी केळी घेतली.

१२ मे
 जसं झालं तसं लिहितो.
दुपारी एसटीनं फाट्यावर सोडलं. नवं गाव म्हणजे माळावर रांगाच रांगा. एकच पिवळा रंग, एकच निळं दार, झाड एक नाही. नंबर रंगवलेले पण अर्धे उडालेले. सडकेकडून मोजलं. तिसरी रांग, सातवं घर. दार उघडं. आत पाठमोरी बाई धान्य पाखडत होती. अंगावर मदतीत वाटलेली हिरवी साडी, मायची तीच. कोपऱ्यात मदतीतलीच कळशी.
चपला काढता काढता म्हणलो, "माय, पाणी दे."
मागं न बघता ती म्हणाली, "आलास का बाबा. बस."
बसलो. तिनं तांब्या आणून ठेवला. वर बघितलं.
माय नाही.
तिनंही मला बघितलं. सुपातलं धान्य सांडून राहिलं होतं, तिला कळत नव्हतं. मी उठायला पाहिजे होतं. पाणी प्यालो. ती आत गेली, भाकर अन् ठेचा घेऊन आली. "जेव."
अन् मी जेवलो. का जेवलो?
"तिखट लागला का? तुला लागतंय." हे कुणाला म्हणाली?
दुसरी भाकर अर्धी झाली तर दारात माय. कुणीतरी सांगितलं असणार की तुझा व्यंकटी उतरलाय अन् भलत्याच घरात शिरलाय. मायनं माझ्या पिशवीतली केळी उचलली अन् चालू लागली. मी मागं.

१३ मे
माय घर मोजते ते जुन्या गावाकडून. मी मोजलं सडकेकडून. एवढंच झालं.
ती बाई सरूबाई. जुन्या गावात खालच्या वेशीला होती, तोंडओळख. एकुलता एक पोरगा दिगंबर भूकंपात गेला. माझ्याएवढाच.
माय संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "घर ते घर म्हणत होतास न्हवं?"
"हाव."
"मंग माय ती माय म्हण."
"असं कसं, माय?"
"का? तिला दोन हात हायत, मला दोन हात हायत. साडी एक हाय. भाकर वाढली, तू खाल्लास. काय कमी पडलं?"
  तिचा हात भाजला तव्याला, तरी तिनं काढला नाही, मी ओढला.

१४ मे
निघालो. फाट्यावर एसटीची वाट बघत होतो तर सरूबाई आली. वाटलं रडेल. नाही. पदराच्या गाठीला शेंगदाणे बांधलेले, ते माझ्या हातावर ओतले.
"मला ठावं हाय तू दिगू न्हाईस. खुळी न्हाई मी. त्येच्या हनुवटीला वण होता, अन् तो लई बडबड्या. तू तूच हाईस."
म्हणलो, चुकलं माझं.
"चुकलं न्हाई. तीन वर्सांत कुणी 'माय' म्हणून दारातून आत आलं न्हवतं. त्ये दिगूचं न्हवतं, तुजंबी न्हवतं. नुसतं 'माय' आलं घरात." मग पदर झटकून, "पुन्हा आलास तर येकदा म्हणशील का? तुज्या मायला इचारून म्हण."
एसटी आली. मी हो म्हणलो नाही. नाही पण म्हणलो नाही. शेंगदाणे लातूरपर्यंत मुठीतच.

१९ मे
आज दोन झाकणं भंगारात. लक्ष नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत का.भां.ना सगळं सांगितलं. वाटलं टिंगल करतील. बिडी विझली तरी तशीच धरून बसले.
म्हणाले, "व्यंकट, पॅटर्न कधी मालात जातो का रे?"
"न्हाई. आपण उचलून घेतो."
"मग काय राहतं वाळूत?"
"जागा."
"हां. रिकामी जागा. लोखंड कुठलंबी ओत, आकार घेतं. पण निवलं की आपल्या मापाचं होतं. त्या बाईकडं जागा हाय, बाबा. तू काय निवून तिचा पोरगा होणार नाहीस."
"मग म्हणू का नको?"
"ते मला सुताराला काय विचारतो? तुझ्या मायला विचार."
तीच तर पंचाईत. मायला विचारायचं म्हणजे तिच्याच तव्यावर हात ठेवायचा.

२६ मे
सारखं मनात येतं. मी मायला हाक मारतो ते काय तिला बघून मारतो? लहानपणापासून दारात पाय ठेवला की तोंडातून निघतं. त्या दिवशी पण तसंच निघालं. समोर कोण ते नंतर बघितलं. मग ते मायचं होतं का दाराचं?
असलं डोक्यात आलं की भट्टीजवळ उभं राहू नये. पायावर ठिणगी पडली.

४ जून
मंगलचं पत्र. क्लासला सुट्टी, ती गावी मायजवळ आहे. मायनं जुन्या घराच्या ढिगातून सागवानी उंबरा उकरून काढला, बैलगाडीत घालून आणला अन् नव्या दारासमोर आडवा टाकलाय. येणारा जाणारा ठेचकाळतो. माय म्हणते, "आता चुकणार न्हाई."
पुढं मंगलनं लिहिलंय, "दादा, दुपारी सरूमावशी येऊन त्याच उंबऱ्यावर बसती. माय तिला उठवत न्हाई, बोलतबी न्हाई. दोघी बसून राहतात. काल मावशीनं विचारलं, व्यंकटी कधी येणार. मायनं तुला असं लिहायला सांगितलंय: मोजायचं कुठून ते तुला आता ठावं हाय. आधी कुणाच्या दारात जायचं ते मी सांगणार न्हाई."
चार वेळा वाचलं. माय रागावली आहे का परवानगी देते आहे? तिचा आवाज पत्रात येत नाही, मंगलचं अक्षर येतं.

७ जून
पगार झाला. पोस्टात मनिऑर्डरचे दोन फॉर्म घेतले. नावं वेगळी, पत्ता तोच. तिसरी रांग, सातवं घर. पोस्टमन कुठून मोजतो कोण जाणे.
मायच्या फॉर्मवर निरोपाच्या जागी नेहमीचं लिहिलं. माय, मी बरा आहे.
दुसऱ्यावर त्याच जागी पेन टेकवलं. सरूबाईनं पैसे मागितलेच नव्हते. दोन अक्षरं मागितली होती. ती लिहिली म्हणून मायची कमी होत नाहीत, हे मला कळतं. तरी हात चालेना. मागची रांग कुरकुरायला लागली. खिडकीतला म्हणाला, "ओ पाहुणे, निरोप नसला तर नसू द्या. पैसे जातात."
मायचा फॉर्म दिला. दुसरा घडी घालून खिशात परत आणला. आता समोर आहे. रक्कम टाकलेली आहे, निरोप कोरा. उद्या पोस्ट दहाला उघडतं.
मायला चारशे. सरूबाईला पन्नास.