डाव्या पायाचा ब्रेक

मी, खाली सही करणारा, हयातभर मोटारसायकली दुरुस्त करत आलेला मेकॅनिक, पूर्ण शुद्धीत, कोणाचा धाक किंवा आग्रह नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात एक कलम होतं की माझ्या धाकट्या भावाने माझ्या मयताला येऊ नये. त्याची आता गरज उरली नाही; तो गेल्या महिन्यात माझ्याआधीच गेला. मध्ये घुसून पुढे जायची त्याची लहानपणापासूनची खोड.

१. राहतं घर भावजयीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला. गच्ची गळते, हे तिला ठाऊक आहे. बँकेत काही उरलं तर तेही तिलाच. माझी औषधं काही उरू देणार नाहीत.

२. पाने, पकडी आणि व्हाइस समोरच्या वेल्डरला. निम्मे पाने त्याने मागून नेले ते परत आले नाहीत. तेही यात धरावेत, म्हणजे त्याची चोरी कायदेशीर होईल.

३. खरी अडचण दोन गाड्यांची आहे. माझी इंग्लंडची, धाकट्याची झेकोस्लोव्हाकियाची. दोन्ही आम्हा भावांपेक्षा म्हाताऱ्या. माझी एका सिलिंडरची, जड, किका मारून मारून पाय दुखला की मग दाद देणारी. पण सुरू झाली की चढावर मागे बघत नाही. त्याची हलकी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजायची, धूर गल्लीभर. मी तिला स्टोव्ह म्हणायचो, तो माझ्या गाडीला म्हैस. असल्या भांडणात आमचं तरुणपण मजेत गेलं.

मोठा फरक पायांत होता. माझ्या गाडीला ब्रेक डाव्या पायाला, गिअर उजव्या. त्याच्या गाडीला नेमकं उलट. शिवाय तिचा गिअर दाबून धरला की क्लच आपोआप सुटतो आणि गाडी मोकळी पळते.

माझी मुलगी (आम्ही तिला ठिणगी म्हणायचो) माझ्याच गाडीवर शिकली. एकदा माझं इंजिन खोललेलं होतं, तिला परीक्षेला उशीर होत होता, काकाने किल्ली दिली. उतारावर ट्रक आडवा आला. तिने सवयीने डावा पाय दाबला. जितका जोर लावला तितकी गाडी मोकळी सुटली.

मी धाकट्याला म्हणालो, "किल्ली तू दिलीस."

तो म्हणाला, "हो, दादा."

पुढे आमचं कधीच बोलणं झालं नाही. आम्ही दोघं जिथे गाड्या दुरुस्त करायचो त्या शेडच्या मधोमध मी पत्रा ठोकला. पलीकडून कानशीचा आवाज यायचा. मला वाटायचं, पोर गेली तरी याचा धंदा जोरात आहे. वकील म्हणतात, मृत्युपत्रात गाऱ्हाणी नकोत. मग ती ठेवू कुठे?

४. धाकटा गेल्यावर भावजय किल्ली घेऊन आली. "दादा, गाडी तुम्हाला ठेवून गेलेत."

"भंगारात घाल."

"आधी ताडपत्री काढून बघा. मग घाला कुठे घालायची ती."

बघितलं. ब्रेक डावीकडे आणला होता, गिअर उजवीकडे. खालून आडवा दांडा घातलेला, एकेक सांधा हाताने घासलेला. इतकं सफाईदार काम मलाही जमलं नसतं.

भावजय म्हणाली, "मी विचारायचे, आता कशाला? तर म्हणायचे, आधीच करायला हवं होतं."

मी गाडीवर बसलो, जमिनीला पाय रेटून गाडी पुढे ढकलली आणि डावा पाय दाबला. ब्रेकने चाक जागच्या जागी धरलं. ते त्याला सांगायचं राहिलं, आणि आता त्याला इलाज नाही.

५. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ दोन्ही मागत आहेत. झेक गाडी पुन्हा मूळची करून घेऊ म्हणतात. त्यांना देऊ नये. आहे तशीही कोणाला देऊ नये; ज्याला उजव्या ब्रेकची सवय, तो पहिल्याच उतारावर जायचा. माझ्या गाडीवर शिकलेली एकटीच होती. या गाडीवर तीच सुखरूप घरी आली असती.

म्हणून दोन्ही गाड्या वेल्डरने कापाव्यात आणि एकाच टेम्पोतून भंगारात न्याव्यात. त्याआधी मधला पत्रा काढावा.

ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून भावजयीची सही घेतलेली नाही.

साक्षीदार : १. डॉक्टर (सही) २. शेजारचा शिंपी (सही)

लिहून ठेवणार : मेकॅनिक, ठिणगीचा बाप, धाकट्याचा दादा (सही)

दिनांक : तीन मार्च

ठिकाण : शेड, पत्र्याची पलीकडची बाजू.