चिखलातली टकटक

कार्तिक अमावास्या, शके १८५१. दिवेलागण.

मन थाऱ्यावर नाही. उद्या माझ्या चुनाभट्टीच्या जळणासाठी खाडीतली उरलेली तिवराची झाडं तोडायची आहेत. हुकूम माझाच.

ओहोटीला बांधावर गेलो. डावीकडे तिवरांच्या मुळांत चिखल टकटक वाजत होता, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. उजवीकडची तिवरं गेल्या साली मीच तोडली. तिथं चिडीचूप.

हिराबाय कोळीण खेकड्यांची टोपली घेऊन डावीकडेच वळली. म्हटलं, "काय गं, उजवीकडच्या चिंबोऱ्यांशी भांडण?"

"भांडाया हायेत कुठं? मांडव तुमीच मोडलाव शेट, आता पंगत कशी बसंल?"

हसलो खरा, पण घरी येईस्तोवर तेच घोळत राहिलं. पाला मुळांत अडकतो, तो खायला चिंबोऱ्या आणि ती टकटक करणारी कोळंबी येतात, त्यांच्यामागे जिताडा मासा. नुसती झाडं गेली म्हणून सगळी रांगच उठली? मग डावी बाजूही तोडली तर हिराबायनं टोपली न्यायची कुठं?

मुकादमाला आत्ताच निरोप धाडला: उद्या कुऱ्हाडी नकोत. भट्टी थंड राहील, राहो. डोंगराकडून लाकूड बघू.

तरी चैन नाही. तोडलेली तिवरं काही निरोपानं उगवत नाहीत. ती टकटक ऐकू येते आहे, पण एकाच कानात.