उरलेली चौदा

२ मार्च, सोमवार

काउंटरमागे दिवसभर उभ्या राहणाऱ्या माझ्या बायांनो, मालक आपल्याला पगार देतो पायांचा आणि तपासतो मात्र हात. नखं रंगलेली हवीत, आणि खर्च आपला. हे मी आज नव्या खोलीच्या भिंतीला सुनावलं, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. कारखान्याच्या गेटवर भाषणं ठोकून मागची नोकरी घालवली, तरी जीभ जागेवर येत नाही.

पण आज मन हलकं आहे. अंगठ्यांच्या दुकानात लागले. खोली दुसऱ्या मजल्यावर, टेबल खिडकीला लागून, दाराची कडी आतून नीट बसते. घरमालकीण काकू म्हणाल्या की तुझ्या आवाजाने ढेकूण पळतील, भाडं कमीच करायला हवं. केलं मात्र नाही.

मॅनेजर म्हणाला, दोन आठवडे हात बघू, मग पक्कं. मी त्याच्याआधीच पक्कं केलंय: पंधरा तारखेला धाकटी बहीण इथे येणार. आई गेल्यापासून ती मामाकडे भांडी घासतेय आणि शाळा सुटत चाललीय. ही नोकरी टिकली तर तिची शाळा टिकेल. बाकी सगळी भाषणं नंतर.

३ मार्च, मंगळवार

कारखान्याच्या रसायनाने माझी नखं पिवळी आणि चिरलेली. मॅनेजरने पार्लरचा पत्ता दिला. तिथले दर वाचून मी परत फिरले आणि सगळ्यात स्वस्त पाकीट घेतलं: चिकटवायची कोरी प्लास्टिकची नखं, चोवीस. बारा मापं, प्रत्येक मापाची जोडी. मला पाच जोड्या बसल्या. उरली चौदा.

धाकटीचा हात आणि माझा हात एका साच्यातले. तिची अनामिका आणि करंगळी तेवढी बारीक, पाकिटातल्या सगळ्यात लहान नखांएवढी. उगाच आठवलं.

५ मार्च, गुरुवार

आज दुपारची पाळी. सकाळभर नखं. आधी स्पंजच्या फाइलने चकाकी घालवायची, नाहीतर रंग धरत नाही. मग स्पिरिटने पुसायची. आइस्क्रीमच्या काड्यांना दुहेरी चिकटपट्टी लावून त्यावर एकेक नख बसवलं आणि काड्या तांदळाच्या डब्यात रोवल्या. हिरव्या रंगाचे दोन पातळ हात, टूथपिकने पांढरे ठिपके, वर चकाकीचा हात.

माझी दहाच रंगवायची होती. पण बाटली उघडली की रंग घट्ट होतो, आणि गरिबाच्या घरात उरलेलं असं काही नसतं, हे मी हजार बायांसमोर ओरडून सांगितलंय. टाकणं ही श्रीमंतांची चैन आहे. चोवीसही रंगवली.

काकूंनी डोकावून विचारलं, हात दोन आणि नखं चोवीस, बाकीचे हात माहेरी ठेवलेस का. खूप हसलो.

६ मार्च, शुक्रवार

गोंद न लावता चिकट पट्ट्यांवर बसवली, म्हणजे कोमट साबणाच्या पाण्यात सुटतात आणि पुन्हा वापरता येतात. मॅनेजरने हात उलटेपालटे करून पाहिले आणि पहिल्यांदा हसला. गिऱ्हाइकंही विचारतात. स्वतः केली सांगितलं की विश्वास बसत नाही.

८ मार्च, रविवार

डब्यातल्या दोन काड्या रिकाम्या. अंगठ्याची जोडी, सगळ्यात रुंद. काकूंना विचारलं. त्या दुखावल्या, म्हणाल्या की मला त्या हिरव्या टरफलांचं काय करायचंय. माफी मागितली. टेबलाखाली, गादीखाली, सगळीकडे पाहिलं.

९ मार्च, सोमवार

आणखी चार काड्या रिकाम्या. दाराला कुलूप होतं, खिडकीला जाळी. रिकाम्या काड्यांवरची चिकटपट्टी तशीच, जणू नख कुणी ओढून काढलंच नाही, नखात खालून बोट घालून ते अलगद उचललं.

हे मी काय लिहितेय. मी भुताखेतांवर हसणारी बाई आहे.

१० मार्च, मंगळवार

सगळी मोठी गेली. मोजलं तर दहा. अंगठे, तर्जन्या, मधली, अनामिका, करंगळ्या. पुऱ्या दोन हातांची. उरली बारीक चार.

दुपारी दुकानात माझ्या काउंटरच्या काचेवर टकटक झाली. खालून. खाली कप्प्यात फक्त अंगठ्या होत्या.

१२ मार्च, गुरुवार

एक बाई आली. तोंडावर ओढणी, बाह्या बोटांपर्यंत. मखमलीच्या ट्रेवर हात ठेवला. हिरवा, पांढरे ठिपके. तिसऱ्या बोटावरचा ठिपका टूथपिक घसरून लांबलेला — तो माझ्याच हातून लांबला होता. माप घ्यायला बोट धरलं. आत काहीच नव्हतं. बाही दाबली तशी बसत गेली, आणि नखं तेवढी काचेवर वाजत राहिली.

शेजारच्या काउंटरवरच्या ताईला विचारलं. ती म्हणाली, तू बराच वेळ रिकाम्या ट्रेशी बोलत होतीस.

१३ मार्च, शुक्रवार

उरलेली चार रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकली. वर आले. काड्यांवर चारही होती.

माझी काढायला बसले. कोमट पाणी, साबण, अर्धा तास. एक तास. सुटत नाहीत. कडेने टाचणी घातली — खाली माझं नख लागत नाही. प्लास्टिक, आणि मग लगेच दुखतं.

मामाला फोन केला, धाकटीला पाठवू नका. तो म्हणाला, नेणार म्हणून गावभर सांगितलंस, आता तोंड फिरवू नकोस.

१४ मार्च, शनिवार

चारही काड्या रिकाम्या.

कामावर गेले नाही. नोकरी गेली असेल. जाऊ दे. फक्त ती येऊ नये —

१५ मार्च, रविवार, सकाळ

धाकटीचा फोन आला, व्हिडिओवर. बसमध्ये. खिडकीत ऊन. किती खूश होती. हात वर करून दाखवले. अनामिका आणि करंगळ्या. हिरव्या. चार.

म्हणाली, "ताई, तू पाठवलेली नखं मला अगदी बरोब्बर बसली. पण बाकीची सहा कधी देतेस? या मावशी म्हणतात, ती तू घालून बसलीयेस."

शेजारच्या सीटवर तीच रिकामी बाही होती, टोकाला हिरवी नखं.

मी ओरडले, उतर. जिथे असशील तिथे उतर. ती हसून म्हणाली की मावशी घरापर्यंत सोडणार आहेत. मग फोन —

दुपार

माझे अंगठे, तर्जन्या, मधली बोटं. सहा. एका साच्यातले हात. कात्रीने कापून पाहिली. रक्त आलं, नख नाही आलं.

उरलेलं असं काही नसतं, मीच म्हणायचे. रंगवलेलं प्रत्येक नख आपला हात शोधत येतं, आणि —

जिना. टकटक, प्रत्येक पायरीवर. धाकटीचा आवाज. ताई म्हणतेय. आवाज तिचाच आहे, तिचाच —

कडी लावलीय. डावा हात कडीकडे जातोय. मी नेत नाही. उजव्याने लिहितेय, तोही —

बायांनो, वही ज्या कुणाला सापडेल तिने एवढंच करा. पाकीट फोडलंत तर आपली दहाच रंगवा. उरलेली कोरीच चुलीत टाका, एकालाही रंग लावू न