पद्मेकाठचं पक्कं घर

२० जुलै २०२०, सोमवार. टूनगॅबी

सासरे येऊन पाच महिने झाले. फेब्रुवारीत बंगालमधल्या गावाहून आमच्याकडे परदेशात तीन महिन्यांसाठी आले, मग विमानं बंद. आता अधूनमधून एखादं सुटतं, पण शिप्रा वडिलांना पाठवायला तयार नाही. वय बहात्तर, हृदयात स्टेंट. बरोबर आहे तिचं. पण घर तीन खोल्यांचं आहे आणि मी दिवसभर त्यातच.

नाव निरापदबाबू. इथे नि.बा. लिहितो. पूर्ण नाव लिहायचीही इच्छा होत नाही.

आज डायनिंग टेबलावर काउन्सिलच्या गटाराचं ड्रॉइंग पसरून बसलो होतो. नि.बा. मागे येऊन उभे. "जामाई, पानी को पूछा?"

म्हटलं, काय?

"इधर से जाएगा कि नहीं, पानी को पूछा?"

ओवी हसली. नऊ वर्षांची आहे, तिला आजोबांचं सगळंच ग्रेट वाटतं. तीस वर्षं पद्मा नदीवर तीन होड्या चालवल्या म्हणजे हायड्रॉलिक्स येतं असं नाही. हे तोंडावर बोलायला हवं होतं.

२ ऑगस्ट, रविवार

बांगलादेशी दुकानातून हिल्सा आणला. नि.बा.: "यह नदी का नहीं, बरफ का माछ है." तरी चार तुकडे खाल्ले. मोहरीच्या तेलाचा वास पडद्यांत बसलाय.

जेवणानंतर ओवीला गावच्या गोष्टी. होडीत बकऱ्या, मोटारसायकली, तागाचे भारे, एकदा नवरी आणि तिच्या पाठोपाठ सतरा ट्रंका. दारात बसून विड्या वळणाऱ्या बायका, तोंडाने गप्पा चालू, बोटं थांबत नाहीत. भादव्यात तळ्यांत ताग कुजतो तेव्हा गावभर वास, पाहुणे नाक धरतात, गावकरी म्हणतात हा पैशाचा वास. नदी या काठाचं खाते आणि पलीकडे गाळाचं बेट घालते. त्या बेटावर लोक उडीद पेरतात, पुढच्या वर्षी बेटही नसतं.

त्यांनी दोनदा घर हलवलं. पत्रा, बांबू, दारं, सगळं सोडवून होडीत घालून मागे नेलं. ओवी मला सांगायला आली. "बाबा, दे जस्ट फोल्डेड द हाउस."

तिसरं घर माझं. चार वर्षांपूर्वी मी नकाशा काढला, काँक्रीटचे खांब, खोल पाया. नि.बा.ना पत्र्याचंच हवं होतं. "पक्का घर उठाके नहीं ले जा सकते." मी म्हटलं होतं, नदी आठशे मीटर लांब आहे, पंचवीस वर्षं काही होत नाही. शिप्रा माझ्या बाजूने. त्यांनी मान डोलावली. हो म्हणाले असं मी तेव्हा धरलं.

११ ऑगस्ट, मंगळवार

खोकनचा फोन. शिप्राचा चुलतभाऊ, गावच्या घरात तोच राहतो, तोच बघतो. शिप्रा लॅबमध्ये शिफ्टला होती म्हणून मला लावला.

नदी बांबूच्या बनापर्यंत आलीये. घरापासून दोनशे हात. ओळीतले सगळे स्वतःच्या हाताने घरं पाडतायत. विटा, दारं, खिडक्या काढून ट्रॅक्टरने आत नेतायत, आंब्याची झाडं तोडून लाकूड विकतायत.

"काका को पूछिए ना, हम भी तोड़ें?"

विचारलं, वाळूच्या गोण्या टाकतायत का? म्हणाला, टाकतायत, टाकल्या की जातायत. म्हटलं, थांब. पाया खोल आहे. मी काकांशी बोलतो.

संध्याकाळी शिप्राला सांगितलं, नदी जवळ आलीये. रडली. म्हणाली, बाबांना कळता कामा नये, बीपी आधीच वर आहे, इथून ते काय करणार. म्हटलं ठीक.

खोकनने पाडायचं का विचारलं, हे तिला सांगितलं नाही. नि.बा.ना सांगायचं नाही असं तीच म्हणाली तेव्हा बरं वाटलं. हे इथेच लिहितो.

१७ ऑगस्ट, सोमवार

खोकन परत. नव्वद हात. अंगणात चीर. "दादा, दो दिन में सब निकाल लेंगे, दस आदमी है. बस काका एक बार बोल दें."

थांब म्हटलं. पाणी उतरायला लागलंय, मी सॅटेलाइटवर पाहतोय. पाहत होतो हे खरं. काय दिसत होतं ते मला नीट कळत नव्हतं हेही खरं.

नि.बा. विचारतात, खोकन फोन का करत नाही? शिप्राने सांगितलं, तिकडचा टॉवर बंद आहे. खोकनला तिनेच मेसेज करून बजावलंय, बाबांना नको, जे काय ते मला लाव.

२४ ऑगस्ट, सोमवार

गेलं.

खोकनने व्हिडिओ पाठवला. आधी व्हरांडा कलला, मग सगळं घर एकत्र, खोका सरकावा तसं. कुठेही तुटलं नाही. खांब उत्तम होते.

आतलं सामान आदल्या रात्री काढलं म्हणे. दारं, खिडक्या, विटा, झाडं, पंप, काही नाही.

शिप्रा बाथरूममध्ये, नळ सोडून. मी मीटिंगला परत गेलो. कोणीतरी म्हणालं, "यू आर ऑन म्यूट, मेट."

३० ऑगस्ट, रविवार

नि.बा. आज दिवसभर खुशीत. परसातलं गवत उकरून भोपळ्याचा वाफा केलाय. परत जाण्याआधी वेल मांडवावर चढवून जाणार म्हणतात. जेवताना गावच्या आंब्यांची चौकशी. यंदा कलमं छाटायला हवी होती, खोकन आळशी आहे. शिप्रा ताटाकडे बघत राहिली.

मला त्यांचा राग येतो. घर त्यांचं गेलं आणि राग मला त्यांचा. काय म्हणावं.

५ सप्टेंबर, शनिवार

सकाळी शेजारची बाई कुंपणावरून. आमच्याकडून पाणी तिच्या गराजमध्ये शिरतंय. जाऊन बघतो तर नि.बा.नी वाफ्याला पाट काढलाय, थेट तिच्या कुंपणापर्यंत. मी काउन्सिलचा ड्रेनेजवाला. माझ्याच घरातून.

ओरडलो. ते फावडं धरून उभे. शांतपणे म्हणाले, ढाळ काल बरोबर होता, तू नवी फरशी घातलीस तिथून पाणी वळलं. "तुम सीमेंट का आदमी. पानी तुम नहीं समझता. मेरा घर में भी..."

मी म्हटलं, "कौन सा घर? घर नहीं है. बारह दिन हुए, नदी ले गई."

स्पष्ट हिंदीत म्हटलं. त्यांना एक शब्दही चुकू नये म्हणून सावकाश.

त्यांनी फावडं कुंपणाला टेकवलं. मग विचारलं, "दरवाजा निकाला?"

"नहीं."

"खिड़की?"

"नहीं."

"आम का पेड़?"

"नहीं."

"खोकन ने पूछा नहीं?"

शिप्रा मागच्या दारात येऊन उभी होती.

"पूछा था," मी म्हटलं.

"किसको?"

शेजारीण अजून कुंपणापाशीच होती. ती म्हणाली, नो वरीज, नंतर बोलू, आणि आत गेली.

६ सप्टेंबर, रविवार

शिप्रा रात्री ओवीच्या खोलीत झोपली. सकाळी स्वयंपाकघरात, मराठीत. भांडताना ती नेहमी मराठीत येते, म्हणजे मला सबब उरू नये.

"लपवूया असं मी म्हटलं. ते माझ्यावर. पण खोकनने दोनदा विचारलं, हे तू मला कधी सांगितलंस?"

म्हटलं, मला वाटलं टिकेल.

"तुला वाटलं टिकेल, की टिकायला हवं होतं?"

चहा गाळला. तिने घेतला नाही.

१६ सप्टेंबर, बुधवार

नि.बा. गराजमध्ये जेवतात. माझ्याशी शब्द नाही. आरडाओरडा केला असता तर मीही केला असता. भोपळ्याला पाणी घालतात, पाट बुजवलाय. बादलीने घालतात.

खोकनशी रोज व्हिडिओवर. तो बायको-पोरांसह बांधापलीकडच्या शाळेत. एका वर्गात सहा कुटुंबं, मास्क कोणाला नाही. नि.बा. मोठ्याने सूचना देतात, कुठल्या पुनर्वसनाच्या यादीत नाव घालायचं, कोणाला भेटायचं. आवाज एकदम वेगळा. होड्यांच्या घाटावर असाच असणार.

शिप्रा त्यांचं तिकीट बघतेय. स्वतःचंही. कोविडमुळे इथून देशाबाहेर जायला सरकारची परवानगी लागते, ती मागितलीये. विचारलं, परत कधी? "परवानगी आली की बघू." ओवीचं काय? "तिला बाप आहे ना."

ते राहणार कुठे, असं विचारलं. म्हणाली, "त्यांना विचार. एकदा तरी."

विचारलं नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार

परवानगी आली. दोन जागा, पुढच्या शुक्रवारी. शिप्राने रिटर्न काढलेलं नाही. उड्डाणंच ठरलेली नाहीत, हे खरं कारण. कदाचित.

दुपारी नि.बा. टेबलाशी आले, समोरची खुर्ची ओढून बसले. अठ्ठावीस दिवसांनी. हातात बंगालीत लिहिलेला अर्ज. ब्लॉक ऑफिसला द्यायचा, जागेच्या बदल्यात जागा. घर होतं याला पुरावा लागतो. कागद घरातच होते, त्यातले अर्धे भिजले.

"तुम लिखो. इंजीनियर का सही चलता है. घर कहाँ था, कैसा था, नदी कितना दूर था."

"और?"

"तोड़ा क्यों नहीं, वह भी. सब का तोड़ा हुआ माल है, मेरा कुछ नहीं. पूछेंगे, घर सच में था?"

मी विचारलं, काय लिहू?

"जो हुआ."

लॅपटॉप उघडला, इंग्रजीत लिहायला घेतलं. अंतर, खांब, पायाची खोली, वर्ष. हे दहा मिनिटांत झालं, ड्रॉइंग होतंच. मग नवा परिच्छेद. पहिला शब्द 'I', त्यापुढे काही नाही. खोकनचा फोन मला आला, असं लिहायचं की खोकनचा निरोप पोचला नाही, असंही चालेल. दुसरं वाक्य कोणी तपासणार नाही. नि.बा.ना इंग्रजी येत नाही. शिप्राला येतं, वाचून तीच दाखवणार. आत बॅग भरतेय.

तासभर झाला. ते चष्मा लावून समोर बसलेत. घाई नाही म्हणाले.