गुंगीत घेतलेलं नाव

सांगवी, रविवार

चि. शालन हिला सोजरामावशीचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? दवाखान्यात दिवसभर उभी असतेस म्हणून विचारते. माझे गुडघे होते तसेच आहेत. बाळबाळंतीण सुखरूप. पत्र आमचे नातजावई लक्ष्मणराव लिहीत आहेत. पिंपरीच्या कारखान्यात असतात, अक्षर त्या मानानं बरं आहे. (लिहा हो, खोटं कुठं बोलले?)

तू तिथली नर्स, रागावू नकोस, पण तुमच्या दवाखान्याचं एक कोडं मला सुटत नाही. आमची नात इंद्रायणी तुमच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढून आली. कळा चांगल्या, बाळ सरळ, हे तुमच्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग एनिमा कशाला? न्हाव्याचं काम कशाला? मी नेलेली पेज कोपऱ्यात ठेवायला लावली. पोर येरझाऱ्या घालत होती, तर तिला उताणं निजवलं. (आमच्या गाईलासुद्धा कुणी असं निजवत नाही.) आणि वर क्लोरोफॉर्म! मी विचारलं, बाई, हे कशासाठी? म्हणाल्या, इथं सगळ्यांनाच देतात. आता हे काय उत्तर झालं? असं उत्तर तर मी सुनेला देते, तिनं देवाधर्माचं काही विचारलं की.

मी दवाखान्याच्या वाईटावर नाही गं. माझी दोन बाळं घरातच गेली, त्यातलं एक आडवं आलं होतं. तेव्हा तुमच्या बाई असत्या तर मी त्यांचे पाय धुतले असते. अडलेल्या बाईला हवं ते द्या. न अडलेलीला कशाला?

बरं, पुढं ऐक. तोंडावर जाळी ठेवून बाई म्हणाल्या, नवऱ्याचं नाव घेत राहा, नाव थांबलं की गुंगी आली असं समजू. आता आमची पोर चारचौघांत नवऱ्याचं नाव घेईल? ती गप्प. बाईंना वाटलं, लवकर चढली. (हे तूच मला नंतर सांगितलंस.) मग खरी चढायला लागली आणि तोंड सुटलं. "लक्ष्मण! ए लक्ष्मण!" अशा हाका, की बाहेर बाकावर बसलेले जावईबापू "आलो, आलो" करत दार ढकलून निम्मे आत! (इथं टाक थांबला आहे. लिहा, लाज कसली, परक्या बाईनं नाही हाक मारली.) रखवालदारानं दोघांना थेट फाटकाबाहेर काढलं. मी तर नुसती बसले होते. परत आत घेतलं तेव्हा बाळ दुपट्यात आणि इंद्रायणी झोपेत.

बाकी तक्रार नाही. तुझ्या आईला माझी आठवण सांग.

तुझी सोजरामावशी (अंगठा)

ता. क. खरं तर पाकिटाचा खर्च यासाठी केला. इंद्रायणी बाळाला पाजायला घेतलं की रोज विचारते, आज्जी, ही पहिल्यांदा कशी रडली गं? तिला वाटतं, मी दाराशीच होते. फाटकाचं आम्ही दोघांनी लपवलंय. पहिल्या दिवशी मी ठोकून दिलं, आमच्या कपिला गाईच्या वासरासारखी. परवा विसरले नि म्हणाले, मांजरीसारखी. "आज्जी, काल तर वासरू होतं की!" म्हणून हसली, मग बाळाकडं बघत बसली. शालन, आपल्या माणसांत ते रडणं तू एकटीनं ऐकलंयस.

ता. क. दुसरा. उत्तर टपालानं नको, मला आलेली पत्रं इंद्रायणीच वाचून दाखवते. गुरुवारी बारसं आहे. तूच ये, जरा लवकर ये. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायच्या आधी तू माझ्या कानात तिचं रडणं सांग. वासराच्या जवळपास असलं तर फार बरं.

ता. क. तिसरा, लिहिणाराचा. शालनताई, मलाही सांगा. फाटकाबाहेर मीही होतो.